‘गिअरबॉक्स गेला’ असं तीन मिनिटांत सांगणाऱ्या शेठजींस

पुणे

आदरणीय शेठजी,



पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. ताईची गाडी दुरुस्त होऊन कालच घरी आली. ती येईपर्यंत आपले आभार मानायचे नाहीत असं ठरवलं होतं, कारण कशाकशाबद्दल मानायचे याची यादी गिअरबॉक्स उघडल्याशिवाय पुरी होणार नव्हती. आता ती पुरी झाली आहे. पत्र मुद्दाम खुलं ठेवतो. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आपल्या गॅरेजच्या दारात उभे राहणारे अजून पुष्कळ आहेत, त्यांनाही आपल्या उपकारांची आगाऊ कल्पना असलेली बरी.

आपल्याला गाडी आठवत नसेल. 2004 सालची, पेट्रोलवरची, चांदीच्या रंगाची, चार गिअरची ऑटोमॅटिक. आपण गाडीभोवती एक फेरी मारलीत, स्वतः चौकापर्यंत एक ट्रायल मारलीत, परत आलात आणि म्हणालात, “गिअरबॉक्स गेला.” मी घड्याळ पाहिलं होतं. तीन मिनिटं. बॉनेट तोवर बंदच होतं. रस्त्याकडेचा कलिंगडवालासुद्धा टिचकी मारून बघतो आणि मग बोलतो. आपल्याला टिचकीचीही गरज भासली नाही, या आत्मविश्वासाबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार मला दिलेल्या मानाबद्दल. गाडी ताईची. अठरा वर्षं तीच चालवते आहे. मी त्या दिवशी फक्त शेजारच्या सीटवर होतो. तरी आपण सगळं बोललात ते माझ्याशी. ताईने प्रश्न विचारला की उत्तर माझ्याकडे बघून आलं. पोलिओने डावा पाय गेलेली बाई कॅलिपर सावरत गाडीतून उतरली, हे पाहूनही ही गाडी ऑटोमॅटिक का आहे हे आपण विचारलं नाहीत. म्हणून आता सांगतो. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. ताई त्याच्या कितीतरी आधीच्या पिढीतली, ज्या पिढीत प्रत्येक आळीत असं एखादं मूल असायचं. डाव्या पायाने क्लच दाबणं तिला शक्य नाही. उजवा पाय उत्तम आहे आणि ऑटोमॅटिक गाडीला तेवढाच लागतो. तेव्हा आपण ज्याला “गेला” म्हणालात, तो आमच्या घरात ताईचा डावा पाय आहे.

तिसरे आभार, आपण तिचं पुरतं ऐकून न घेतल्याबद्दल. ती काय सांगत होती ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं, त्यामुळे ते वाया गेलं नाही. ती म्हणत होती: “सकाळी डीमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी हलतच नाही. नंतर ठीक चालते. पण वळणावर किंवा चढावर रेस एकदम वाढते, काटा दोन हजारावरून साडेतीन हजारावर जातो आणि स्पीड आहे तिथेच राहतो. सरळ रस्त्याला आले की पुन्हा पकडते.” आपण म्हणालात, “मॅडम, ते सगळं एकच.” शेठजी, ते सगळं एक नव्हतं. त्या चार वाक्यांत गाडीचं अर्धं निदान होतं आणि ते कसं, हे दुसऱ्या एका माणसाने मला नंतर समजावून सांगितलं.

ते आपल्याला सांगणं हे माझं कर्तव्य आहे. साध्या गाडीत आपला पाय क्लच दाबतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा. इंजिनाने पहिला पंखा फिरवला की तो तेल दुसऱ्यावर फेकतो आणि दुसरा फिरू लागतो. त्याच्या मागे गिअर असतात आणि कुठला गिअर लागायचा हे ठरवायला आत क्लच प्लेटांचे वेगवेगळे संच असतात. एक पंप खालच्या पॅनमधलं तेल ओढतो, दाबाने त्या संचांकडे पाठवतो आणि तो दाब प्लेटा घट्ट आवळून धरतो. म्हणजे ताकद नेणारं तेलच, प्लेटा आवळणारं तेलच, आणि सगळं थंड ठेवणारंही तेलच. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, तिने पकड येत नाही. चढावर आणि वळणावर पॅनमधलं तेल एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, प्लेटा सैल होतात आणि इंजिन नुसतं ओरडत राहतं. रात्रभर उभ्या गाडीत दाब तयार व्हायला सकाळी वेळ लागतो. ताई नेमकं हेच सांगत होती. ती तेलाचं नाव घेत नव्हती इतकंच.

चौथे आभार एका नव्या ज्ञानाबद्दल. मी भीतभीत विचारलं, “तेल बघायचं का?” आपण म्हणालात, “ऑटोमॅटिकला पट्टी नसते, तेल सील असतं.” अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना ती नसते, हे आपलं खरं आहे. या गाडीला आहे. बॅटरीच्या शेजारी, बोट अडकवायच्या कडीसकट, गेली वीस वर्षं. तेल कसं बघायचं हे मालकाच्या पुस्तकात दिलेलं आहे आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन आणि तेल चांगलं गरम होऊ द्यायचं. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक खाचेत क्षणभर थांबवत खालपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मग इंजिन चालूच ठेवून पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि गरम तेलाच्या खुणेशी ताडून बघायची. लिव्हर एनमध्ये ठेवायचा की पीमध्ये, हे गाडीगणिक बदलतं, आणि काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, म्हणून पुस्तक उघडायचं. याला पाच मिनिटं लागतात. आपल्या निदानापेक्षा दोन मिनिटं जास्त.

पाचवे आभार आमच्या वाड्यातल्या फरशीतर्फे. मी आपल्याला फोनवर फोटो दाखवला होता. गाडी उभी असते तिथे, पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, रुपयाएवढे तीन डाग. आपण नजर टाकून म्हणालात, “एसीचं पाणी.” शेठजी, एसीचं पाणी लाल नसतं. ऑटोमॅटिकच्या तेलात लाल रंग मिसळलेला असतो तो मुद्दाम, गळालं तर इंजिनाच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून. तेल बनवणाऱ्यांनी एवढी सोय करून ठेवली, ती आपल्यासाठीच होती.

सहावे आभार चार नव्या स्पार्क प्लगांबद्दल. “पिकअप पण कमी आहे, ट्यूनिंग करून घेऊ,” असं म्हणून आपण प्लग बदललेत, थ्रॉटल बॉडी धुतलीत आणि 3,200 रुपयांचं बिल नीट छापून दिलंत. प्लग चांगले आहेत, तक्रार नाही. मात्र यापुढे आपल्याकडे कोणी असं गाऱ्हाणं घेऊन आलं तर एवढंच बघा: ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा काय करतो? काटाही वर जात नाही आणि गाडीही जात नाही, तर इंजिन थकलंय. काटा उसळतो आणि गाडी जागेवर राहते, तर इंजिन मेहनत करतंय आणि ती मेहनत वाटेत हरवतेय. हे बघायला स्कॅनर लागत नाही, चालकाशेजारी बसावं लागतं. आपण ट्रायलला ताईला शेजारीही घेतलं नाहीत.

सातवे आभार, दोन वेगळ्या गोष्टींना समान वागणूक दिल्याबद्दल. आपल्या मुलाने सांगितलं, “दोन पेडलवाल्या गाड्या आम्ही रोज करतो. क्लच प्लेट टाकायची आणि ॲक्च्युएटर सेट करायचा.” त्याची चूक नाही. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी गाड्या आपल्याकडे घरोघरी पोचल्या. त्यांच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, कोरडी क्लच प्लेटही साधीच असते, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. ताईच्या गाडीतली जात निराळी आणि खूप जुनी. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक आला तेव्हापासून तेलाच्या दाबावर गिअर बदलणारी पेटी मोटारींत आहे. दुसऱ्या महायुद्धात ती रणगाड्यांतही बसवली गेली. पेडलं दोन दिसली म्हणून पोटात एकच असेल असं नाही. गाडी कुठल्या जातीची आहे हे ठरवल्याशिवाय तिला काय झालंय हे कसं ठरणार?

आठवे आभार आपल्या दानशूरपणाबद्दल. मी तेलाचा हट्ट सोडत नाही म्हटल्यावर आपण पोऱ्याला हाक मारलीत, “लाल ऑइल टाक रे एक डबा.” पट्टी काढून आधी बघितली नाही, टाकल्यावरही बघितली नाही. कुठल्या दर्जाचं तेल म्हणून मी विचारलं, तर आपण म्हणालात, “लाल म्हणजे लाल.” रंग ही ओळखीची खूण आहे, दर्जा नाही. प्रत्येक गिअरबॉक्ससाठी तेलाचा दर्जा ठरलेला असतो, कारण प्लेटांनी किती झटकन पकडायचं आणि किती हळुवार, हे त्या तेलातल्या मिश्रणावर अवलंबून असतं. आणि जास्त झालेलं तेलही कमी तेलाइतकंच वाईट. फिरणारे भाग त्यात बुडतात, घुसळण होते, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. त्या दिवशी गाडी थोडी सुधारली. ताईला आनंद झाला. तिने आपल्यासाठी पेढे पाठवले होते. तेवढे परत मागत नाही.

नवव्या आभारांशी आलो की हात जरा जड होतो. निघताना मी विचारलं होतं, “चालवायला हरकत नाही ना?” आपण हसून म्हणालात, “चालवा बिनधास्त. थांबेल तेव्हा बघू.” ताईने आपल्या शब्दाला मान दिला. तीन आठवडे चालवली. गळती चालूच होती, कारण ती कुठून आहे हे कोणी शोधलंच नव्हतं. घसरणाऱ्या प्लेटा एकमेकींवर घासतात, तापतात. तापलेलं तेल लवकर खराब होतं. जाणती माणसं ढोबळ हिशेब सांगतात की तेलाचं तापमान मर्यादेपलीकडे दर दहा अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं असतं, ते आधी काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग जळतं. म्हणजे आपल्या दारी आली तेव्हा गाडीला तेल कमी होतं. तीन आठवड्यांनी तिला आजार झाला. या दोन गोष्टींच्या मध्ये आपला एक शब्द होता.

दहावं, खंबाटकी घाटाचं. आमची आई साताऱ्यात असते, दर शनिवारी ताई तिच्याकडे जाते. येताना बोगदा आहे, जाताना मात्र घाट चढावा लागतो. त्या शनिवारी दुपारी बारा-सव्वाबाराला, अर्ध्या चढावर, गाडीने पकड सोडली. इंजिन चार हजारावर ओरडतंय, गाडीचा वेग चाळीस, तीस, वीस, आणि मागे भरलेले ट्रक हॉर्न देत येतायत. ताईने ॲक्सिलरेटर आणखी दाबला नाही. कोणीही घाबरून तोच दाबला असता. तिने लिव्हर खालच्या गिअरवर घेतला, कडेला जागा बघितली, चारी इंडिकेटर लावले आणि गाडी थांबवली. मग मला फोन केला. आवाजात भीती नव्हती, लाज होती. “अरे, मी रस्ता अडवून बसलेय,” म्हणाली. घाटात त्या उतरत्या कडेला कॅलिपर लावून खाली उतरता येत नाही, शेठजी. पाऊण तास ती तापलेल्या गाडीत, ट्रकांच्या वाऱ्याने हलणाऱ्या गाडीत, बसून होती. याबद्दल आभार कसे मानायचे, याचा शब्द मी शोधतो आहे. सापडला की कळवीन.

अकरावे आभार आपण फोन लगेच उचललात याबद्दल. “दोरी बांधा आणि ओढून आणा, न्यूट्रलमध्ये टाका,” असं आपण सांगितलंत. आपली सूचना पाळली असती तर राहिलेला गिअरबॉक्सही आटोपला असता. यातला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे आत कुठे तेल पोचत नाही. ताईच्या गाडीची पुढची चाकं ओढतात. ती रस्त्यावर फिरत राहिली की गिअरबॉक्सचे भाग कोरडे फिरतात. अशा गाडीची पुढची चाकं उचलून तरी न्यावी लागते, नाहीतर सपाट ट्रकवर चढवून. सुदैवाने महामार्गावरच्या क्रेनवाल्या मुलाला हे माहीत होतं. त्याने काही न विचारता पुढची चाकं उचलली आणि आधी ताईला हात देऊन क्रेनच्या केबिनमध्ये बसवलं. त्याचं नाव मी विचारलं नाही, ही माझी चूक.

बारावे आभार आपल्या स्कॅनरचे. गाडी परत आपल्या दारी आली तेव्हा आपण तो लावलात आणि पडदा माझ्यापुढे धरलात. पी 0733. “बघा, मशीनच सांगतंय, गिअरबॉक्स गेला.” मशीन तसं सांगत नव्हतं. त्या कोडचा अर्थ एवढाच, की तिसऱ्या गिअरमध्ये आत जाणारे फेरे आणि बाहेर पडणारे फेरे यांचं प्रमाण जुळत नाही. म्हणजे तिसरा गिअर घसरतोय. ते ताईही सांगत होती आणि तिला लावायला वायर लागली नसती. का घसरतोय हे कोड सांगत नाही. तेल कमी असेल, दाब कमी असेल, सोलेनॉइड अडकला असेल, फेरे मोजणारा सेन्सर खोटं बोलत असेल किंवा प्लेटा जळल्या असतील. कोड हा पत्ता असतो. घरात कोण आहे हे दार उघडूनच बघावं लागतं.

आणि तेरावं, आपला हिशेब. नवा गिअरबॉक्स 1,40,000 रुपये. मुंबईच्या भंगार बाजारातला जुना 55,000, गॅरंटी नाही. “नाहीतर सोडा, वीस वर्षांची गाडी. माझ्या ओळखीत गिऱ्हाईक आहे, चाळीस हजार देईल.” त्या रात्री ताई जेवली नाही. चाळीस हजारांचं तिला काही नव्हतं. शनिवारचं काय, एवढंच तिने विचारलं.

आता, शेठजी, आपले खरे उपकार. आपण इतकं घाईने सांगितलंत म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका काकांपर्यंत पोचलो. त्यांच्या शेडवर नावाची पाटी नाही. त्यांनी पहिल्यांदा ताईला खुर्ची दिली. मग तिच्याकडे बघून विचारलं, “पहिल्यांदा कधी जाणवलं?” ताईने सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग त्यांनी पट्टी काढली आणि खिशातल्या पांढऱ्या फडक्यावर टेकवली. जुन्या धोतराचं फडकं होतं. मला जवळ बोलावलं. “लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी असेल तर म्हातारं झालंय, बदला. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, गाडी सुरूच करू नका. आणि हे बघा.” फडक्यावरचा डाग काळपट होता, कडेला बुडबुडे होते, आणि वास करपलेल्या पोळीचा. “याला खूप सोसावं लागलंय,” ते म्हणाले.

गळती त्यांना दहा मिनिटांत सापडली. तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणारा रबरी पाईप क्लिपपाशी तडकला होता. त्यांनी पॅन उतरवला. तळाच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा होता. तो प्रत्येक गिअरबॉक्समध्ये थोडाफार असतो, त्याने घाबरायचं नाही. पण तेलात काळे पापुद्रे तरंगत होते. ते प्लेटांचं अस्तर. लोखंडाचा तुकडा मात्र एकही नाही, म्हणजे गिअर शाबूत.

पाईप बदलून, पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचं तेल मोजून भरून, त्यांनी दाबाचं गेज लावलं. दाब बरोबर आला. “पंप चांगला आहे,” ते म्हणाले. मग दोन्ही ब्रेक लावून, समोर माणूस नाही असं बघून, चार सेकंदांपुरती इंजिनाची पूर्ण रेस दिली, एकदा डीमध्ये आणि थोडं थांबून, तेल निवू देऊन, एकदा रिव्हर्समध्ये. हा प्रयोग जाणत्यानेच करावा, त्यात तेल झपाट्याने तापतं. दोन्ही वेळा काटा पुस्तकातल्या मर्यादेतच राहिला. म्हणजे पहिला गिअर धरतोय, रिव्हर्स धरतोय. शेवटी ट्रायल, आणि त्या ट्रायलला गाडी ताईने चालवली. काका शेजारी. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसरा घसरतो, चौथा घसरतो.

परत आल्यावर त्यांनी पाटीवर खडूने तक्ता काढला. या गिअरबॉक्समध्ये कुठल्या गिअरला कुठले संच लागतात त्याचा. पहिला आणि दुसरा चालतात, म्हणून त्यांच्यातले संच चांगले. रिव्हर्स चालतो, म्हणून त्याचा संच चांगला. तिसऱ्यात आणि चौथ्यात दोन्हींत लागणारा, पण बाकी कुठेच न लागणारा संच एकच. त्यावर त्यांनी गोल केला. “एवढंच जळलंय, ताई. बाकीचा गिअरबॉक्स तुमच्यासारखा आहे. खणखणीत.” ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

गिअरबॉक्स उतरवून उघडला. गोल केलेल्या संचाच्या प्लेटा काळ्या, बाकीच्या तपकिरी आणि धड. प्लेटा, सगळी सिलं, फिल्टर, तेल, मजुरी मिळून 46,000 रुपये झाले. मी विचारलं, पहिल्या दिवशी आणली असती तर? काका क्षणभर गप्प राहिले. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं त्यांना आवडत नाही. मग म्हणाले, “पाईप, दोन क्लिपा आणि दोन लिटर तेल. दोन हजारांच्या आत.”

शेठजी, आपलं काम सोपं नाही हे मी जाणतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाड्या आपल्याकडे मुळात थोड्या, त्या शिकवणारे त्याहून थोडे आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या उत्तर मागतं. “मला ही गाडी येत नाही, त्या काकांकडे न्या,” असं आपण पहिल्या दिवशी म्हणाला असतात तर मी आपल्याला जन्मभर गुरू मानलं असतं. न येण्यात कमीपणा नाही. न बघता सांगण्यात आहे. कारण आपण गाडी बघत नाही तेव्हा तिच्यातून उतरलेलं माणूसही आपल्याला दिसत नाही. जुन्या गाड्या बहुतेक जुन्या माणसांच्या असतात, आजारी माणसांच्या असतात, दुसरी घेणं परवडत नाही अशांच्या असतात. त्यांना “गेला” हा शब्द फार दूरवर ऐकू जातो.

एक शेवटची विनंती. माझ्या पैशांची भरपाई नको, पेढे नकोत. पुढची जुनी ऑटोमॅटिक आपल्या दारात आली की आपण आधी चालवणाऱ्याला खुर्ची द्या, “पहिल्यांदा कधी जाणवलं?” असं त्याच्याचकडे बघून विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत थांबा. मग बॉनेट उघडा.

त्यासाठी लागणारी वस्तू या पत्रासोबत पाठवत आहे. काकांकडून मागून आणली. धुतलेली आहे, पण काळपट डाग पुरता गेलेला नाही. तो ताईच्या गाडीचा.

उद्या शनिवार. सकाळी सातला ताई साताऱ्याला निघणार आहे. मी शेजारी बसणार आहे आणि खंबाटकी चढताना काट्याकडे बघणार आहे. ती मात्र रस्त्याकडे बघेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ताईचा धाकटा भाऊ

सोबत: पांढरं फडकं, एक.